खळदकरांचे साहेब

प्रोफेसर खळदकरांना हसताना पाहिलं आहे असं शपथेवर सांगणारा एकच गृहस्थ नाशकात होता, आणि तो पुढे खोट्या साक्षीच्या खटल्यात आत गेला. बाकी आम्ही सर्वांनी त्यांना रागावलेलंच पाहिलं. माणसं सकाळी उठून तोंड धुतात, तसे खळदकर सकाळी उठून रागावत. कोणावर, ते नंतर ठरे. पंचवटीतल्या घरापासून कॉलेजपर्यंतची वाट ते पायी तुडवत आणि तेवढ्या वाटेत दिवसभर पुरेल एवढं कारण त्यांना हमखास मिळे.

अंगाने किरकोळ, डोक्याला काळी टोपी, आणि कोट असा की त्याचे दोन्ही खिसे दगडांच्या वजनाने गुडघ्यांपर्यंत ओढले गेलेले. वर्षातून दोनदा खिसे फाटत. शेवटी खळदकरवहिनींनी कोट चांभाराकडे पाठवून खिशांना आतून चामडं लावून घेतलं. चांभाराने विचारलं, "मोटेचं काम आहे का, बाई?" वहिनी म्हणाल्या, "तसंच समजा."

खळदकर आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत आणि मी तर्कशास्त्र. आमच्या वर्गांमध्ये एकच भिंत होती. मी इकडे 'सर्व माणसे मर्त्य आहेत' म्हणालो की पलीकडून हातोडीचा ठोका पडे आणि मुलांना ते विधान एकदम पटे. मी तक्रार घेऊन गेलो तेव्हा खळदकर म्हणाले, "तुमच्या शास्त्रात फोडून बघण्यासारखं काही नाही, त्याला मी काय करू?" आमची मैत्री झाली ती अशी. मला ते 'तर्कशास्त्री' म्हणत आणि तो शब्द त्यांच्या तोंडी मानाचा नव्हता.

तुमच्याशी बोलताना ते तुमच्या चेहऱ्याकडे पाहत नसत. तुम्ही कशावर उभे आहात, तिकडे पाहत. नवा दगड हातात आला की आधी तो जिभेला लावत. एकदा गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, त्यांनी पायरीखालचा एक गोटा उचलून चाटला, तेव्हा जवळ संध्या करत बसलेले उपाध्ये शहारले. "अहो, लोकांचे पाय लागलेत त्याला." खळदकर म्हणाले, "तुम्ही इथलंच तीर्थ पिता ना? मग गप्प बसा."

त्याच घाटावर त्यांचा एकदा पराभव झाला होता आणि तो ते स्वतः सांगत. एक बाई एका सुंदर दगडावर धुणं बडवत होती. दगडात पांढऱ्या स्फटिकांनी भरलेल्या पोकळ्या होत्या. खळदकरांच्या मते असा दगड काचेच्या कपाटात हवा. त्यांनी तिला दहा मिनिटं फैलावर घेतलं. बाईने पीळ दिलेलं लुगडं खाली ठेवलं, कमरेवर हात घेतले आणि विचारलं, "दगुड तुमच्या बापाचा हाय का?"

"मी चालता झालो," खळदकर सांगत. "सबंध नाशकात मला विचारलेला पहिला मुद्द्याचा प्रश्न."

त्यांचं एक वाक्य विद्यार्थी पाठ म्हणत असत: "दगड खोटं बोलत नाही. चिठ्ठी बोलते." नमुन्यावर चिकटवलेली चिठ्ठी वाचून उत्तर देणाऱ्या मुलाला ते वर्गाबाहेर काढत, आणि काढत म्हणजे अक्षरशः, कोपराला धरून.

आता त्या प्रकरणाकडे येतो. ते आठवलं की माझंही डोकं तापतं, आणि मी तर भिंतीपलीकडचा, थंड शास्त्राचा माणूस.

खळदकरांच्या खोलीच्या दारावर पाटी होती: 'भूगर्भशास्त्र विभाग. प्रमुख (हंगामी) वि. ग. खळदकर.' दर दिवाळीला पेंटर येऊन अक्षरं उजळून जाई आणि कंसातल्या शब्दावर त्याचा हात विशेष चांगला बसे. नऊ वर्षं तो शब्द तिथे होता. "कांदा हंगामी असतो," खळदकर म्हणत, "मी काय निफाडहून आलोय?" वरवर हा विनोद होता. पण त्या पाटीखालून आत जाताना ते मान खाली घालत आणि बाहेर येतानाही घालत, हे मी नऊ वर्षं पाहिलं होतं. त्या माणसाला आयुष्यात दुसरं काहीही नको होतं. तेवढा कंस पुसला जायला हवा होता.

साल पस्तीस असावं. कॉलेजला पदवीचा वर्ग उघडायचा होता. विद्यापीठाने कळवलं: आधी विभागाला कायमचा प्रमुख नेमा, मग आमचा माणूस येऊन पाहील, मग परवानगी. वर्तमानपत्रात जाहिरात गेली. अर्ज तीन आले. एक खुद्द खळदकरांचा. दुसरा डॉक्टर सबनीसांचा. विलायतेत तीन वर्षं राहून आलेले आणि कॉलेजच्या मंडळाचे अध्यक्ष रावबहादूर यांचे जावई. तिसरा अर्ज येवल्याच्या कुणा इस्माईल मोमीनचा. बाप पैठणी विणणारा, मुलगा कलकत्त्याला जाऊन एम.एस्सी. झालेला.

निवड समिती नेमली गेली. रावबहादूर अध्यक्ष. प्रिन्सिपॉलसाहेब, जे रावबहादुरांच्या आधी कधी खोकलेदेखील नाहीत. गंगेवरचे ते उपाध्ये, कारण कॉलेजची जमीन त्यांच्या घराण्याने दिली होती. आणि विषयाचा तज्ज्ञ म्हणून? नाशकात भूगर्भशास्त्र कळणारा माणूस एकच होता. तेव्हा तज्ज्ञ म्हणून प्रोफेसर खळदकर.

वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं अशी माझी नम्र विनंती आहे. जो उमेदवार, तोच परीक्षक. हे नुसतं अडाणीपणाचं लक्षण आहे असं मला आधी वाटलं. मग लक्षात आलं, रावबहादूर चाळीस वर्षं वकिली करून आले होते. खळदकर उमेदवार असताना सबनीसांविरुद्ध एक शब्द बोलले असते, तर तो स्वार्थ ठरला असता. त्यांना खुर्ची देऊन त्यांचं तोंड बांधलं होतं.

मी तिथे कसा? माझं अक्षर बरं होतं. समितीचं इतिवृत्त लिहायला मला कोपऱ्यात बसवलं होतं.

मुलाखतींच्या दिवशी खळदकरांनी टेबलावर लाल कापड घालून बारा दगड मांडले. चिठ्ठ्या काढलेल्या. बारावा त्यांचा जीव की प्राण. काळा, काचेसारखा, बुडबुड्यांची भोकं असलेला. नोकरीच्या पहिल्या वर्षी तपोवनापलीकडच्या नाल्यात त्यांना तो सापडला होता. ज्वालामुखीची काच, आपल्या भागात इतकी स्वच्छ क्वचितच मिळते असं ते सांगत. त्यावर त्यांनी इंग्रजीत चार ओळींचं टिपण लिहिलं होतं आणि कलकत्त्याच्या एका मासिकाने ते छापलं होतं. आयुष्यात छापून आलेलं त्यांचं तेवढंच. एरवी तो दगड व्हरांड्यातल्या कपाटात, वरच्या फळीवर, मध्यभागी असे.

पहिल्यांदा खळदकरांची मुलाखत झाली. ती पाहिल्याचं पुण्य माझ्या गाठीशी आहे. रावबहादूर म्हणाले, "हं, प्रोफेसर, या." खळदकर तज्ज्ञाच्या खुर्चीवरून उठले, टेबलाला वळसा घालून उमेदवाराच्या खुर्चीवर बसले. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. विषयाचं विचारणार कोण? विचारणारा तर समोर जाऊन बसलेला. मग रावबहादुरांनी विचारलं, "आपलं मूळ गाव कोणतं?"

"खळद," खळदकर म्हणाले.

"वा," रावबहादूर म्हणाले. खळदकर उठले, वळसा घालून परत जागेवर आले. त्यांच्या कानशिलावरची शीर मला कोपऱ्यातून दिसत होती.

मग सबनीस. गोरेगोमटे, टापटीप, आणि माणूस वाईट नव्हे हो. लोणी लावलेल्या पावाला आपण वाईट म्हणतो का? आदल्या दिवशी संध्याकाळी ते व्हरांड्यातल्या कपाटापुढे वही घेऊन उभे असलेले शिपायाने पाहिले होते आणि मला सांगितलंही होतं. मी ते कोणाला सांगितलं नाही. टेबलावरचे अकरा दगड त्यांनी धडाधड ओळखले. बाराव्यापाशी थांबून, मान तिरकी करून ते म्हणाले, "क्या बात है. ज्वालामुखीची काच. इतकी सुरेख मी विलायतेतही पाहिली नाही." आणि त्यांनी ती कशी बनते यावर लहानसं व्याख्यान दिलं. खळदकरांच्या चेहऱ्यावरचा राग पळभर कमी झाला. मला त्यांची दया आली.

उपाध्यांनी आपली पिढीजात वही सोबत आणली होती. क्षेत्राला येणाऱ्या प्रत्येक घराण्याची नोंद उपाध्यांच्या वहीत असते. ती त्यांनी उघडली आणि सबनीसांच्या पणजोबांची सही काढून दाखवली. रावबहादुरांनी ती कौतुकाने पाहिली, जणू पणजोबाच भूगर्भशास्त्रात पारंगत होते.

शेवटी मोमीन. सडपातळ, सत्तावीस-अठ्ठावीसचा, बाह्या आखूड झालेली काळी शेरवानी, गळ्यात रेशमी दोऱ्याला बांधलेलं भिंग. त्याने सर्वांना आदाब केला. उपाध्यांनी वहीची पानं मागेपुढे केली आणि म्हणाले, "यांचं काही आमच्या वहीत नाही."

"काळ्या पाषाणाचंही नाही," खळदकर म्हणाले. "म्हणून सह्याद्रीने उठून जायचं का?"

मोमीनने दगड पाहायला सुरुवात केली. तो बोलत नव्हता, उचलून खिडकीशी नेत होता, फिरवत होता, मग एक-दोन शब्द. रावबहादुरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. बाराव्या दगडापाशी तो फार वेळ थांबला. भिंगातून पाहिलं. मग नख लावून एका भोकातून काहीतरी हिरवट खरवडलं.

"सर," तो खळदकरांना म्हणाला, "हा चुकून इथे आला असावा."

"म्हणजे?"

"हा दगड नाही. तांबं वितळवताना वर जो मळ येतो, तांबट खरवडून फेकून देतात, तो हा. थंड झाला की असाच काळा, काचेसारखा होतो. हे हिरवं आहे ना, ते तांबं. आमच्या येवल्याला गल्लीच्या टोकाला भट्टी होती, लहानपणी आम्ही याचीच गोटी करून खेळायचो."

खळदकर उठले. माझ्या आयुष्यात मी तसा आवाज ऐकला नाही. भिंतीपलीकडे नऊ वर्षं बसूनही नाही. "तुम्हाला कोणी शिकवलं? नऊ वर्षं मी तो दगड मुलांना दाखवतोय. कलकत्त्याला छापून आलंय. गोट्या खेळणाऱ्यांनी मला शिकवायचं? चला, बाहेर व्हा."

मोमीनने दगड होता त्याच जागी ठेवला, तोंड होतं त्याच बाजूला. आदाब केला आणि गेला. रावबहादुरांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जणू खटला न लढवताच निकाल लागला.

त्या दुपारी खळदकर माझ्या खोलीत आले. बारावा दगड खिशात. "तर्कशास्त्री, चला."

"कुठे?"

"तांबट आळीत."

तांबट आळीत ज्यांनी पाऊल टाकलं आहे त्यांना माहीत आहे, तिथे माणूस माणसाशी बोलत नाही, ओरडतो. दोन्ही बाजूंनी हंडे-घागरींवर हातोड्या पडत असतात. एका म्हाताऱ्या तांबटापुढे खळदकरांनी दगड धरला. म्हाताऱ्याने ठोकणं थांबवलं, एक नजर टाकली आणि पुन्हा ठोकायला लागला.

"आमचंच की, मास्तर. कुठं घावलं?"

"तपोवनापलीकडं. नाल्यात."

"मग बाबांनी टाकलं असंल, नाहीतर आज्यानं. गाडी भरून नेऊन टाकायचे तिकडं." म्हातारा हातोडीने मागे दाखवत म्हणाला, "अजून पाहिजेत का? मागं ढीग पडलाय."

आम्ही मागे गेलो. ढीग होता. काळे, चकचकीत, भोकांचे, हिरवट ठिपक्यांचे तुकडे. खळदकर उकिडवे बसले आणि एकेक उचलून पाहू लागले. एक, दुसरा, तिसरा. सगळे बारावे दगड. तेवढा वेळ ते रागावले नाहीत. मी घाबरलो. असा शांत माणूस मला अनोळखी होता.

मग राग आला. सावकाश आला, पायांकडून वर चढत आल्यासारखा. "नऊ वर्षं," ते म्हणाले. "किती मुलं झाली हो? सगळ्यांना मी हा कचरा शिकवला. चिठ्ठी माझ्या हातची. आणि तो सबनीस. त्याला तर दगड दिसलाच नाही, त्याला माझी चिठ्ठी पाठ. आणि ज्याला दिसला, त्याला मी बाहेर काढलं." त्यांनी मनगटाने कपाळ पुसलं, कपाळ काळं झालं. "कुठे उतरलाय तो?"

मोमीन दुपारच्या सर्व्हिस मोटारीने येवल्याला परत गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती निर्णयाला बसली. खळदकर उभ्यानेच बोलले. दगड आपला नव्हे, तांबटांचा आहे. चूक नऊ वर्षांची आहे. ती ओळखणारा एक उमेदवार मिळाला आहे, तो नेमावा. आपला अर्ज आपण मागे घेत आहोत.

रावबहादूर फार गोड बोलत. त्यांचा गोडवा ऐकून मला नेहमी मधमाशीच्या दुसऱ्या टोकाची आठवण होई. "प्रोफेसर, मन मोठं आहे तुमचं. आमचाही त्या मुलावर आक्षेप नाही. हुशार आहे. पण बघा, मुलांना घेऊन सहलींना जायचं, आठ-आठ दिवस बाहेर, एकत्र जेवणखाण. पालक काय म्हणतील?"

"सहलीत मी त्या मुलांना रस्त्यावरचे दगड चाटायला लावतो," खळदकर म्हणाले. "तेव्हा पालक काही म्हणाले नाहीत. तुम्हाला त्यांच्या पंगतीची काळजी आज लागली?"

उपाध्यांनी घसा साफ केला. प्रिन्सिपॉलसाहेबांनी शाईची दौत इकडची तिकडे ठेवली.

आणि मग रावबहादुरांनी ते केलं. आजही ते आठवलं की मला वाटतं, सैतानाला आमच्याकडे वकिलीची सनद सहज मिळाली असती. "ठीक," ते म्हणाले. "मग प्रोफेसर, तुम्हीच कायम प्रमुख व्हा. तुमची पदवी कमी पडते, पण विद्यापीठाला मी स्वतः लिहितो, सूट मागतो. नऊ वर्षं तुम्ही हा विभाग वाढवलात, न्याय तुम्हालाच मिळायला हवा. सबनीस तुमच्या हाताखाली काम करतील. तुम्हाला निवृत्तीला वर्षं राहिली चार, पुढचं पुढे पाहू. त्या दगडाचं या खोलीबाहेर कोणाला कळायची गरज नाही. पाटी आजच बदलून घेऊ."

मी कोपऱ्यातून खळदकरांकडे पाहत होतो. मी खोटं लिहिणार नाही. त्यांना ते हवं होतं. त्यांची नजर दाराकडे गेली, व्हरांड्याच्या दिशेला, जिथे ती पाटी होती. कितीतरी वेळ ती तिकडेच राहिली. नऊ वर्षं मागितलेली गोष्ट ताटात वाढली होती, आणि ताट कोणाचं ओढून घेतलेलं आहे तेही त्यांना दिसत होतं.

"रावबहादूर," ते शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका खाली आला होता की मला पुढे वाकावं लागलं, "काल सकाळपर्यंत तुम्ही मला हे दिलं असतं तर मी तुमच्या पाया पडलो असतो. आज मला माहीत आहे की मी त्या जागेला लायक नाही. आता तुम्ही म्हणता, ते माहीत असूनच बसा. हा तुमचा न्याय." मग आवाज चढला, नेहमीच्या जागी आला. "लाज नाही वाटत, माणसाच्या नऊ वर्षांवर असा गळ लावायला?"

रावबहादुरांना वाटली नाही. एक विरुद्ध तीन मतांनी डॉक्टर सबनीस विभागप्रमुख झाले. रावबहादूर मला म्हणाले, "लिहा. श्री. मोमीन यांचे मराठी अध्यापनास पुरेसे नाही असे समितीचे मत पडले."

मोमीनचं मराठी माझ्या अर्ध्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगलं होतं. मी लिहिलं. सुरेख अक्षरात लिहिलं. खळदकरांनी माझ्या हातून कागद ओढून घेतला, वाचला आणि माझ्यापुढे टाकला. "तर्कशास्त्री, हे कोणत्या अनुमानात बसतं?" मी कागदावर टिपकागद दाबला. माझ्या घरी चार मुलं होती, वगैरे. प्रत्येकाच्या घरी काहीतरी असतंच.

आठ दिवसांनी खळदकरांनी विद्यापीठाला पत्र पाठवलं. त्याची नक्कल त्यांनी मला वाचून दाखवली. बहुधा माझी शिक्षा म्हणून. त्यात रावबहादुरांविरुद्ध एक अक्षर नव्हतं. एवढंच होतं की, मी नऊ वर्षं भट्टीतला मळ ज्वालामुखीची काच म्हणून शिकवला, नमुना सोबत पाठवत आहे. नव्या प्रमुखांनी तोच दगड माझ्यासारखाच ओळखला. आपला तपासनीस येईल तेव्हा त्याने चिठ्ठ्या काढून तपासणी करावी.

तपासनीस आला आणि त्याने चिठ्ठ्या काढल्या. शिवाय वाटेत स्वतः उचललेले चार दगडही टेबलावर ठेवले. त्या दिवशी सबनीसांची जी तारांबळ उडाली तिचं वर्णन मी जिभेवर आलेलं असूनही गिळतो; ते पुढे विम्याच्या कंपनीत गेले आणि तिथे उत्तम चालले असं ऐकतो. पदवीचा वर्ग मिळाला नाही. वर्षअखेरीला विभागच बंद झाला.

सगळं गाव खळदकरांवर उलटलं. ज्या ताटात जेवले त्यातच माती कालवली, असं उपाध्ये घाटावर बसून सांगत. ज्या पालकांनी कधी दगडाकडे पाहिलं नव्हतं, त्यांना आपल्या मुलांचं भूगर्भशास्त्र बुडाल्याचं अतोनात दुःख झालं. खळदकरांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "प्रोफेसर, तुमच्याच हाताने तुमचा विभाग बुडाला."

"खोटा होता तो बुडाला," ते म्हणाले, आणि माझ्या पायांखालच्या फरशीकडे पाहून, "तुमची फरशी उलटी बसवली आहे. नऊ वर्षं सांगेन म्हणत होतो."

पुढे ते नाशकात फारसे दिसेनासे झाले. वहिनी भेटत; विचारलं तर म्हणत, "फिरतीवर असतात." कसली फिरती, ते सांगत नसत. मला वाटलं, लाजेखातर सांगतात.

दोनेक वर्षांनी मुलीच्या लग्नाची पैठणी घ्यायला मी येवल्याला निघालो. चैत्राचे दिवस, ऊन म्हणजे उघडी भट्टी. येवलं चार मैलांवर आलं असताना सर्व्हिस मोटारीने वाफ सोडली. ड्रायव्हर डबा घेऊन पाणी शोधायला निघाला, मीही पाय मोकळे करायला त्याच्या मागे गेलो. एका शेताच्या कडेला विहिरीचं काम चाललं होतं. मातीचे ढीग, कप्पीवरून दगडाची टोपली ओढणारे दोन बैल, आणि काठावर छत्री धरून उभा असलेला एक सडपातळ माणूस. त्याने माझ्याकडे वळून आदाब केला.

"मोमीन?"

"आपण मुलाखतीत लिहायला होतात," तो म्हणाला. मोमीनची नजर तशी होती, एकदा पाहिलेला दगड तो विसरत नसे. त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. त्यामुळे मला जास्त लागलं.

लोकल बोर्डाने त्याला दुष्काळी भागात विहिरींच्या जागा काढून द्यायला नेमलं होतं. काम किरकोळ, हुद्दा नावाला नाही.

"खळदकर सर कुठे असतात, काही पत्ता?" मी विचारलं.

मोमीनने विहिरीकडे बोट दाखवलं. "खाली आहेत."

"तुम्ही बोलावलंत त्यांना?"

"मी कुठला बोलावतोय. एक दिवस सकाळी घरी आले. मी मागावर अब्बांना हात देत होतो. उंबऱ्यातूनच अम्मांना म्हणाले, 'तुमचा मुलगा मूर्ख आहे. मी बाहेर हो म्हणालो आणि हा खरंच निघून गेला. खरं ठाऊक असलेल्या माणसाने जागचं हलू नये.' अम्मा घाबरल्या. मग पाणी मागितलं. मग जेवले. जेवून झाल्यावर मला विचारलं, 'काम काय आहे ते सांगा, साहेब.'"

"साहेब?"

"मला आधी वाटलं चेष्टा करतात," मोमीन म्हणाला. "पण ते चेष्टा करत नाहीत. गावोगाव माझी ओळख तशीच करून देतात. आमच्या विभागाचे प्रमुख, म्हणतात. विभागात आम्ही दोघंच. दर हंगामाला येतात. मी नको म्हटलं तर माझ्यावरच ओरडतात."

एवढ्यात विहिरीतून आवाज आला. दहा पुरुष, म्हणजे साठेक फूट, खोलीवरून आला, पण तो ओळखायला मला भिंतीचीही गरज नव्हती. मोमीनने मला हळू आवाजात प्रकरण सांगितलं. खाली तांबड्या मातीसारखा एक थर लागला होता. खळदकरांचं म्हणणं, तो फोडून खाली चला, पाणी त्याच्या पोटात आहे. मोमीनचं म्हणणं, तो फोडला तर वरचं असेल तेही निसटून जाईल. थराच्या वरच राहून आडवं खणा, उत्तरेच्या अंगाने. दोन दिवस वाद चालला होता. खळदकरांनी दोन दिवस त्याला वाटेल ते ऐकवलं होतं, आणि दोन दिवस त्याच्या सांगण्याप्रमाणे माणसांकडून उत्तरेलाच खणून घेतलं होतं.

"तांबडा थर फोडला नाही त्यांनी?"

"नाही. म्हणाले, पटत नाही, पण साहेब तुम्ही आहात."

मी काठावर वाकलो. खाली अंधुक उजेडात काळी टोपी दिसत होती. उत्तरेच्या भिंतीशी, अगदी कपाळ टेकेल इतक्या जवळ. खणणारे दोघे बाजूला थांबले होते. खळदकरांनी भिंतीवर तळहात ठेवला, काढला, उलटा करून पाहिला, पुन्हा ठेवला. ड्रायव्हरने रस्त्यावरून भोंगा वाजवला. मी हललो नाही.

"मोमीनसाहेब," खालून गर्जना आली, आणि वर बैल बिचकले. "तुमचं बरोबर आहे. भिंत ओली आहे. माझं साफ चुकलं."

एवढं चिडून कबूल केलेली चूक मी पुन्हा ऐकलेली नाही. मोमीन काही म्हणणार होता, पण त्याला तेवढी उसंत मिळाली नाही.

"आता वर उभे राहून काय बघताय? पुढे किती हात खणायचं ते सांगा, आणि लवकर सांगा. माणसं खोळंबली आहेत."